माल आपला, रस्ता आपला. मग इंजिन दुसऱ्याचे पाहून का?

भंडारा शहरातील अंड्यांचे एक ठोक व्यापारी आमच्या परिचयाचे आहेत. त्यांचे साडू नागपूरच्या कळमना बाजारातून रोज फळे आणतात. साडूंची दीड टनाची डिझेल पिकअप तीन वर्षे कसलीही कुरकुर न करता धावत होती. ते पाहून आमच्या परिचितांनीही तीच गाडी घेतली. तीच कंपनी, तेच इंजिन, रंगसुद्धा तोच. सहाव्या महिन्यात स्टिअरिंगसमोर एक पिवळा दिवा लागला. गाडी चालत होती, म्हणून त्यांनी तिकडे लक्ष दिले नाही. पुढे आठवडाभरात गाडीची ताकदच गेली. ॲक्सिलेटर दाबूनही ती बैलगाडीच्या चालीने चालू लागली. रमजानचा शेवटचा अशरा सुरू होता, बेकऱ्यांची मागणी दुप्पट झाली होती आणि गाडी मात्र नऊ दिवस गॅरेजात पडून राहिली. माल पोहोचवायला भाड्याची गाडी, वर दुरुस्तीचे बिल आणि त्यावर महिन्याचा हप्ता, असा तिहेरी मार त्यांना बसला.

आम्ही दोन्ही साडूंना एकत्र बसवून विचारले तेव्हा उलगडा झाला. फळवाल्यांची गाडी रोज सव्वाशे किलोमीटर राष्ट्रीय महामार्गावर एका वेगाने धावते. अंडीवाल्यांची गाडी शहरातल्या गल्ल्यांतून दिवसाला जेमतेम वीस-बावीस किलोमीटर फिरते आणि दर पाच मिनिटांनी थांबते. इंजिन एकच, पण एकाला मानवले आणि दुसऱ्याला बाधले. गाडीत खोट नव्हती, निवडीत होती.

आमचे अनेक वाचक याच वळणावर उभे आहेत. लोडर रिक्षा किंवा छोटा हत्ती अपुरा पडू लागला, ट्रक घेण्याची ऐपत नाही, म्हणून एक ते दोन टनांची मधली पिकअप घ्यायची असते. आयुष्यभराची बचत, भिशीचे पैसे, कधी घरातले सोने मोडून ही खरेदी होते. म्हणून इंजिनाची निवड कशी करावी, याचा विचार या लेखात करीत आहोत.

जुना हिशेब आता का चालत नाही

१९९० च्या सुमारास हा प्रश्नच नव्हता. माल वाहायचा तर डिझेल, ही काळ्या दगडावरची रेघ होती. मॅटाडोर असो, टाटा ४०७ असो की २०७, सारी डिझेलवर. त्याला कारणही होते. सरकार डिझेल स्वस्त ठेवीत असे. पेट्रोल आणि डिझेलच्या भावात मोठी तफावत असे. शिवाय ती इंजिने साधी होती. पंप, नोझल, फिल्टर यांपलीकडे काही नाही. तुमसर-साकोलीचा कोणताही मिस्त्री झाडाखाली बसून ती उघडत असे.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. पहिली भावाची. जून २०१० मध्ये पेट्रोलचे आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव बाजाराच्या हवाली झाले. दोहोंतील अंतर पूर्वीपेक्षा बरेच आकसले. दुसरी धुराच्या नियमांची. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून थेट बीएस-६ लागू झाले. मधला पाचवा टप्पा सरकारने गाळला. एप्रिल २०२३ पासून बीएस-६ चा दुसरा, अधिक कडक टप्पा आला. त्यात गाडीचा धूर प्रयोगशाळेत तपासून भागत नाही, तो रस्त्यावर चालत्या गाडीतही मोजला जातो. या नियमांमुळे डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर नवी यंत्रणा आली. आमच्या अंडीवाल्यांना जी भोवली, ती हीच.

तेव्हा वडिलांच्या काळातील सल्ला आदराने ऐकावा, पण हिशेब आजचा मांडावा.

डिझेल आणि पेट्रोल-गॅस यांत मूळ फरक काय

जर्मनीचे निकोलाउस ओटो यांनी १८७६ मध्ये चार फेऱ्यांचे, ठिणगीने पेटणारे इंजिन चालवून दाखविले. पेट्रोल आणि सीएनजीची इंजिने त्याच घराण्यातली. इंधन व हवा यांचे मिश्रण दाबायचे आणि प्लगच्या ठिणगीने पेटवायचे. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये यशस्वी झाले. त्यात ठिणगी नाहीच. हवा इतकी दाबली जाते की ती खूप तापते आणि तिच्यात डिझेलचा फवारा मारताच ते आपोआप पेट घेते. पेट्रोल इंजिनात मिश्रण सुमारे दहा पट दाबले जाते, डिझेलमध्ये हवा सोळा पट व त्याहूनही अधिक.

या जास्त दाबामुळे डिझेल इंजिन त्याच इंधनातून अधिक काम काढते आणि कमी फेऱ्यांवरच जोर देते. हा जोर म्हणजे टॉर्क, तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. हॉर्सपॉवर सांगते की गाडी किती वेगाने पळेल. टॉर्क सांगतो की भरलेली गाडी चिखलातून, चढावरून आणि थांबलेल्या जागेवरून किती सहज उचलेल. माल वाहणाऱ्याने आधी टॉर्क विचारावा आणि तो किती फेऱ्यांवर मिळतो हेही विचारावे.

एक उदाहरण देतो. टाटांच्या इंट्रा व्ही-३० आणि व्ही-५० या दोन्ही गाड्यांचे डिझेल इंजिन १,४९६ सीसीचेच आहे. पण पहिलीचा टॉर्क १४० न्यूटन-मीटर आणि दुसरीचा २२०. पहिली १,३०० किलो वाहते, दुसरी १,५००. म्हणजे नुसते सीसी पाहून इंजिनाची ताकद कळत नाही. त्याच घरातील व्ही-२० ही सीएनजी व पेट्रोल दोन्हींवर चालते. तिचे इंजिन १,१९९ सीसीचे आणि वाहण्याची मर्यादा सुमारे एक टन. उलट महिंद्राच्या बोलेरो पिकअपमध्ये २,५२३ सीसीचे मोठे डिझेल इंजिन येते. मोठे इंजिन आरामात, कमी ताणाने ओढते. लहान इंजिन डिझेल कमी पिते, पण त्याचा सारा जोर टर्बोवर अवलंबून असतो. यातले कोणते चांगले, हे तुमच्या मालावर ठरते.

आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा

पहिला प्रश्न मालाचा. भंडाऱ्याचे पितळी भांडे आकाराने लहान, वजनाने जड. भंगारही तसेच. तुमसरच्या बाजारातला तांदूळ ५० किलोच्या पोत्यांत भरला तर ३० पोत्यांतच दीड टन होतो. याउलट फोमच्या गाद्या, प्लॅस्टिकच्या बादल्या, कोंबड्यांचे पिंजरे, आंधळगावच्या कोशाच्या साड्यांचे गठ्ठे यांनी डाला काठोकाठ भरला तरी वजन पाच-सहाशे किलोच्या पुढे जात नाही. हलका पण फुगीर माल वाहणाऱ्याने मोठे इंजिन घेणे म्हणजे पाव किलो मटणासाठी देग चढविणे होय. त्याला लांब डाला हवा, जोरदार इंजिन नव्हे. जड मालवाल्याने मात्र इंजिनात काटकसर करू नये. लहान इंजिनावर दोन टन लादले की क्लच प्लेट, पाटे आणि टायर आलटून पालटून खिशाला कात्री लावतात.

दुसरा प्रश्न रस्त्याचा. आपल्या जिल्ह्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, पवनी व लाखांदूर असे सात तालुके आहेत, आणि रस्ते म्हणावे तर दोन जातींचे. एक भंडारा-लाखनी-साकोलीवरून छत्तीसगडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग, पूर्वीचा ६ क्रमांकाचा, आताचा ५३. दुसरे आतले रस्ते. धानाच्या बांध्यांमधून आणि तलावांच्या पाळीवरून जाणारे हे रस्ते पावसाळ्यात पोटरीभर चिखल दाखवितात. चिखलात भरलेली गाडी निघते ती कमी फेऱ्यांवरच्या टॉर्कवर. तिथे डिझेलला तोड नाही.

तिसरा प्रश्न रोजच्या किलोमीटरचा. यात दोन गोष्टी लिहा. दिवसाला एकूण किती, आणि त्यातले सलग किती. ६० किलोमीटर एका दमात आणि ६० किलोमीटर चाळीस ठिकाणी थांबून, हे इंजिनाच्या दृष्टीने दोन निराळे धंदे आहेत.

डिझेल कोणी घ्यावे, आणि घेतल्यावर काय पाळावे

ज्याचा माल टनाच्या वर, रस्ता लांब किंवा खराब, आणि गाडी रोज शंभराच्या आसपास धावते, त्याने डिझेलच घ्यावे. कळमन्याहून भाजी-फळे आणणारे, धान-तांदळाचे व्यापारी, लोखंड-सिमेंटवाले, लाकूडवाले, पहाटे बर्फातली मासळी घेऊन नागपूर गाठणारे, हे सारे यात आले.

पण बीएस-६ डिझेलचा स्वभाव समजून घ्यावा. त्याच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडविणारी जाळी बसविलेली असते. तिला डीपीएफ म्हणतात. ही जाळी काजळी साठविते आणि ती भरत आली की इंजिन जास्तीचे डिझेल फवारून जाळी तापविते. उष्णता सुमारे सहाशे अंशांपर्यंत गेली की काजळी जळून जाते. हे काम पुरे व्हायला गाडी दहा-वीस मिनिटे तरी एका वेगाने चालावी लागते. हमरस्त्यावर ते चालकाच्या नकळत होऊन जाते. गल्लीत फिरणाऱ्या गाडीत मात्र काम सुरू होते न होते तोच चालक किल्ली फिरवितो. असे वारंवार झाले की जाळी तुंबते, दिवा लागतो आणि शेवटी गाडी स्वतःची ताकद स्वतःच कमी करते. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक खेपेचे जास्तीचे डिझेल थोडे थोडे इंजिन ऑइलमध्ये उतरते. तेलाची पट्टी काढून पाहिली आणि पातळी वाढलेली दिसली, तर खूश होऊ नका. ते तेल पातळ झाले आहे, ते बदला.

यावर उपाय साधा आहे. दिवा लागला की त्याच दिवशी गाडी हमरस्त्यावर काढावी आणि अर्धा तास एका वेगाने चालवून आणावी. आमचे अंडीवाले आता दर जुम्याच्या नमाजनंतर गाडी लाखनीपर्यंत नेऊन आणतात. तेवढे डिझेल जाते, पण नऊ दिवस गॅरेजात जात नाहीत.

आणखी चार गोष्टी पाळाव्यात. एक, इंजिन ऑइल कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच घाला. जाळीच्या गाडीला कमी राख सोडणारे तेल लागते. जुन्या मॅटाडोरचे तेल तिला चालत नाही. दोन, डिझेल चांगल्या पंपावरचेच भरा. आजच्या इंजेक्टरमधून डिझेल हजार-दीड हजार बारच्या पुढच्या दाबाने केसाएवढ्या छिद्रातून निघते. पिंपातले, पाणी मुरलेले डिझेल त्याचा जीव घेते. फिल्टरखालचे साचलेले पाणी पावसाळ्यात वरचेवर काढावे. तीन, लांबून आल्यावर गाडी लगेच बंद करू नये. टर्बो थंड व्हायला मिनिटभर चालू ठेवावी. चार, काही गाड्यांत युरियाचे द्रव भरावे लागते. ते संपल्यावर काही गाड्या पुन्हा सुरूच होत नाहीत. म्हणून गाडी घेतानाच विचारावे की हिला ते लागते का, आणि आपल्या तालुक्यात ते मिळते का.

आमचे काही मिस्त्री बंधू ग्राहकाच्या आग्रहाखातर ही जाळी कापून काढतात. तसे करू नये. ते बेकायदेशीर आहे. फिटनेसच्या वेळी गाडी अडकते आणि तो काळा धूर शेवटी आपल्याच मुलाबाळांच्या छातीत जातो.

सीएनजीचा खरा हिशेब

डिझेलनंतर सर्वांत जास्त विचारणा सीएनजीची होते. शोरूममध्ये सांगितले जाते की गॅस स्वस्त, मायलेज जास्त, बस्स. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. चला, हिशेब मांडू. खालचे भाव व मायलेज केवळ हिशेबापुरते धरलेले आहेत. आपण आपल्या पंपावरचा आजचा भाव घालून पाहावा.

समजा डिझेल ९१ रुपये लिटर आणि भरलेली गाडी लिटरला १३ किलोमीटर देते. किलोमीटरला ७ रुपये पडले. समजा सीएनजी ९० रुपये किलो आणि किलोला १५ किलोमीटर. ६ रुपये पडले. समजा पेट्रोल १०५ रुपये आणि लिटरला १० किलोमीटर. साडेदहा रुपये पडले. म्हणजे सीएनजीवर किलोमीटरमागे एक रुपया वाचतो. रोज ६० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस, असे १८ हजार किलोमीटर धरले तर वर्षाला १८ हजार रुपये वाचले. रक्कम लहान नाही.

आता दुसरी बाजू पाहा. गॅस संपला आणि पंप जवळ नसला की गाडी पेट्रोलवर घ्यावी लागते. १०० किलोमीटरपैकी २२ किलोमीटर जरी पेट्रोलवर गेले, तरी सरासरी पुन्हा ७ रुपयांवर येते आणि डिझेलच्या तुलनेत नफा शून्य होतो. पाच दिवसांतला एक दिवस पेट्रोलवर गेला की जवळजवळ सारे ओम्फस! शिवाय काही गाड्यांत पेट्रोलची टाकी नावापुरतीच असते, फक्त पंपापर्यंत पोहोचण्याइतकी.

फेऱ्याचा खर्चही धरा. समजा सिलिंडरमध्ये १२ किलो गॅस मावतो. म्हणजे एका भरणीत १८० किलोमीटर, आणि वर्षाच्या १८ हजार किलोमीटरसाठी शंभर भरण्या. गॅसचा पंप आपल्या वाटेपासून आठ किलोमीटर आत असेल तर प्रत्येक भरणीला जाऊन-येऊन १६ किलोमीटर. वर्षाला १,६०० किलोमीटर, ९,६०० रुपये. अर्धी बचत रस्त्यातच गेली. रांगेतला वेळ वेगळाच.

म्हणून आमचे सांगणे असे की, सीएनजी घेण्यापूर्वी किंमत विचारू नका, पंप मोजा. आपल्या रोजच्या वाटेवर किती पंप आहेत, सकाळी गॅस असतो का, दाब पुरेसा मिळतो का, रांग किती असते, हे आठवडाभर स्वतः जाऊन पाहा. महामार्गालगतच्या व्यापाऱ्याला जो हिशेब जमेल, तो लाखांदूरच्या किंवा सिहोऱ्याच्या व्यापाऱ्याला जमेलच असे नाही.

ज्याचा माल टनाच्या आत, फेरी शहरातली आणि पंप वाटेवर, त्याला सीएनजी उत्तम. अंडी, पाव, किराणा, थंड पेये पोहोचविणाऱ्यांचे काम हेच. या गाडीत काजळीची जाळी नाही, त्यामुळे थांबत थांबत चालविली तरी अडचण नाही. आवाज कमी, गॅसमध्ये भेसळीची भीती नाही. मात्र सिलिंडरचे वजन गाडीच्या क्षमतेतून वजा होते, आणि गॅसवर चढावाला जोर थोडा कमी पडतो. प्लग वेळेवर बदलावे लागतात. सिलिंडरची दाबचाचणी दर तीन वर्षांनी सक्तीची आहे. जुनी गाडी घेताना त्या चाचणीचा दाखला आधी मागावा.

आमच्या वाचकांत वेल्डिंग-फॅब्रिकेशन करणारे बरेच आहेत. त्यांना खास सांगणे: सिलिंडर बसलेल्या गाडीच्या डाल्याला वेल्डिंग करायचे असेल तर आधी जाणकाराकडून सिलिंडर व नळ्या उतरवून घ्याव्यात. त्यात सुमारे २०० बार दाबाने गॅस भरलेला असतो. घाई जिवावर बेतेल. तसेच बाहेरून गॅस किट बसवून घेतले तर ते मान्यताप्राप्त असावे आणि आरसी बुकात त्याची नोंद करून घ्यावी. नोंद नसेल तर अपघाताच्या वेळी विमा कंपनी हात वर करते.

निव्वळ पेट्रोलचे इंजिन एक टनाच्या आतल्या लहान गाड्यांतच प्रामुख्याने मिळते. आठवड्यातून दोन-तीन बाजार करणारे बांगडीवाले, कापडवाले, चप्पलवाले यांचे रोजचे अंतर कमी असते आणि गाडी उरलेले दिवस उभी असते. त्यांना स्वस्तात मिळालेली पेट्रोल गाडीही परवडू शकते. कारण गाडी जितकी कमी चालते, तितके इंधनापेक्षा खरेदीच्या किमतीचे वजन जास्त असते.

विजेच्या गाडीबद्दल थोडक्यात. टाटांनी मे २०२२ मध्ये एस ईव्ही आणली आणि पुढे एक टन वाहणारी आवृत्तीही आली. ठरलेल्या मार्गावर दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर करणाऱ्या आणि रात्री घरच्या अंगणात गाडी लावणाऱ्या व्यापाऱ्याने तिचा विचार जरूर करावा. पण रात्री चार्जिंगला भरवशाची वीज नसेल, किंवा कधीही नागपूरच्या वर्दीचा फोन येत असेल, तर थांबावे. बॅटरीची हमी किती वर्षांची, हे लेखी घ्यावे. वैशाखात इथे पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा गाडी सावलीत लावण्याची सोय हवी.

जुनी गाडी घ्यायची असेल तर

व्याज टाळणारे आमचे पुष्कळ बंधू नवी गाडी हप्त्यावर घेण्यापेक्षा जुनी गाडी रोखीने घेणे पसंत करतात. कोणी भिशी लावतात, कोणी भावाबरोबर भागीदारीत घेतात. विचार योग्य आहे. मात्र इंजिनाचे साल नीट पाहावे. एप्रिल २०१७ ते मार्च २०२० मधील बीएस-४ डिझेल पिकअपमध्ये साधारणपणे काजळीची जाळी नसते. गल्लीत आणि हमरस्त्यावर, दोन्हीकडे ती चालते आणि गावचा मिस्त्री तिला ओळखतो. एप्रिल २०२० नंतरची घ्याल तर जाळी जाग्यावर आहे की कापली आहे, हे खाली वाकून पाहा.

दहा वर्षांची डिझेल गाडी बंद होणार, अशी आवई अधूनमधून उठते. ते निर्बंध दिल्ली व तिच्या परिसरापुरते आहेत. त्यांचे मूळ २०१५ मधील हरित लवादाच्या आदेशात आहे. भंडाऱ्यात एमएच-३६ क्रमांकाची गाडी फिटनेस असेपर्यंत चालते. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस घ्यावे लागते. आवईच्या भीतीने कोणी चांगली गाडी मातीमोल विकू नये.

जुनी गाडी सकाळी थंड इंजिनावर चालू करून पाहावी. पांढरा धूर सतत येत राहिला, निळा धूर दिसला किंवा तेलाच्या झाकणातून भक्‌भक् वाफ येत असली तर मागे फिरावे. आणि जो विकणारा आहे त्यालाही आमचे सांगणे आहे. धान्याच्या ढिगाच्या आत ओला माल लपविणाऱ्याला प्रेषितांनी (स.) काय सुनावले, ते आपण सारे जाणतो. इंजिनात जाड तेल घालून धूर दाबणे आणि मीटर मागे फिरविणे हे त्याच ओल्या धान्यातले आहे. दोष सांगून विकावे. भाव थोडा कमी येईल, पण रोजी हलाल राहील.

कागदपत्रांचे दोन शब्द

इंजिन निवडताना गाडीचे भरलेले एकूण वजनही पाहावे, कारण कायदा त्याच्याशी जोडलेला आहे. मोटार वाहन कायद्यानुसार भरलेले एकूण वजन ३,००० किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. काही दीड टनी गाड्या या रेषेच्या आत येतात, काही बाहेर जातात. परवान्याची चिंताही कमी झाली आहे. ६ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोच्या आतली मालवाहू गाडी चालविता येते.

जादा माल भरण्याचा मोह मात्र महागात पडतो. २०१९ च्या दुरुस्तीने त्याचा दंड २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार असा झाला आहे. दोन टनांचा माल असेल तर दोन टनांचीच गाडी घ्या. लहान इंजिन घेऊन वाचविलेले पैसे एका दंडात जातात.

करातही फरक पडला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. विजेच्या गाडीवर तो ५ टक्के आहे. नियमित जीएसटी भरणाऱ्या व्यापाऱ्याला हा कर वजावटीत मिळतो. कंपोझिशन योजनेतल्याला मिळत नाही. तेव्हा कोटेशनवरील आकड्यांची तुलना करण्यापूर्वी आपल्या कर सल्लागाराशी बोलावे.

एक महिन्याची वही

शेवटी एकच आग्रह. गाडी बुक करण्यापूर्वी एक महिना वही ठेवा. रोज चार आकडे लिहा: किती किलो माल, किती किलोमीटर, किती ठिकाणी थांबलो, आणि किती किलोमीटर कच्च्या रस्त्याने. महिन्याअखेर ती वही स्वतःच बोलू लागेल. टनाच्या वर माल आणि लांब रस्ता दिसला तर डिझेल. टनाच्या आत, थांबत थांबत आणि पंप वाटेवर असेल तर सीएनजी. ठरलेली छोटी फेरी आणि घरी वीज असेल तर विजेचाही विचार.

मग ती वही घेऊन शोरूममध्ये जा आणि चाचणीची गाडी रिकामी चालवू नका. आपला माल भरा, आपल्याच रस्त्याने न्या, जिथे रोज गाडी अडते त्या चढावर नेऊन थांबवा आणि तिथून पुन्हा उचलून पाहा. जो विक्रेता यालाच नकार देतो, त्याच्याकडे बयाणा देण्याची घाई करू नये.

गाडी रस्त्यावर धावली तर घर चालते, गॅरेजात उभी राहिली तर कर्ज चालते. साडूची गाडी पाहून मन भरले तरी वही आपलीच वाचावी. अल्लाह आपल्या व्यवसायात बरकत देवो.